एका मापाची दोन डोकी

मोठे बाबांची तेरवी झाली तेव्हापासून माझे बाबा बोडक्या डोक्याने हिंडतात. आजकाल टोपी घालतंच कोण, त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण धाडजवळच्या आमच्या गावात बाबांना टोपीशिवाय पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आंघोळीला बसायच्या आधी टोपी खुंटीला, आणि अंग पुरतं पुसून व्हायच्या आधी परत डोक्यावर, अशी त्यांची ऐंशी वर्षांची रीत. असा माणूस उघड्या डोक्याने पारावर जाऊन बसायला लागल्यावर गाव बोलणारच. कोणी म्हणालं, थोरला भाऊ गेल्याचं मनाला लावून घेतलं. कोणी म्हणालं, वय झालं. शेवटी मायचा फोन आला.

"तुह्या बापाले एक टोपी आनून दे बाई. लोकं मले इचारून राह्यले, का यायची टोपी कुठी गेली म्हनून."

मी चिखलीत राहते. बाजार घरापासून चार पावलांवर. म्हटलं, टोपीच ना, संध्याकाळी आणते. दुकानातल्या मुलाने आधी विचारलं, "नातवासाठी पाहिजे का, काकू?" मी म्हटलं, वडिलांसाठी. त्याने काऊंटरवर ढीग मांडला. पुढे लांब चोच असलेल्या क्रिकेटच्या टोप्या, मागचा पट्टा ओढला की लहान-मोठ्या होणाऱ्या. सगळीकडून काठ असलेल्या कापडी हॅट, किल्ले चढायला जाणारी पोरं घालतात तशा. मोटरसायकलवाल्यांसाठी नुसते डोळे उघडे ठेवणारी काळी जाळी. गोंड्याची लोकरी टोपी, माकडटोपी. "अरे बाबा, पांढरी टोपी," मी म्हटलं, तेव्हा कुठे माळ्यावरून प्लॅस्टिकचं पुडकं खाली आलं. पातळ कापड, पतंगाच्या कागदासारखं. सगळ्या एकाच नंबरच्या.

"याच्यापेक्षा मोठा नंबर?"

"मोठा येतच नाही काकू. हे लग्नात वाटायच्या असतात. लोक त्यानं गाडी पुसतात."

गाडी पुसतात. मला असा राग आला म्हणून सांगू, पुडकं तसंच सरकवलं आणि निघाले. त्या पोराची काय चूक म्हणा, तो खरंच बोलत होता. पण सगळं खरं दुकानात उभं राहून ऐकून घ्यावं असा काही नियम नाही.

घरी येईपर्यंत डोळ्यांपुढून डोकीच डोकी जात होती. मी लहान असताना पांदणीच्या वाटेने येणारा माणूस चेहरा दिसायच्या आधी डोक्यावरून ओळखू यायचा. लाल पागोटं दिसलं की धनगर. त्या पागोट्याची मला फार असूया वाटायची, कारण ते सोडलं की त्याची विहिरीतून डबा ओढायची दोरी व्हायची, झोपताना उशी व्हायची, आणि एकदा तर आजारी कोकरू त्यात बांधून पाठीवर आणलेलं मी पाहिलं. आमच्या गुरुजींची काळी टोपी, तिच्यावर कायम खडूची बोटं. गुरुजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली की वर्ग चिडीचूप, कारण आता कोणाची तरी खैर नाही. गिरणीवाल्याची टोपी मुळात कोणत्या रंगाची होती हे गिरणीवाल्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, बौद्धवाड्यातली. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर. वर्षभर खाकी टोपी, कपाळावर ओढलेली, बोलणं तुटक. पण एप्रिलच्या मिरवणुकीत ते निळा फेटा बांधून निघायचे तेव्हा असे देखणे दिसायचे की आम्ही पोरी ओळखायचोच नाही. मैत्रीण मात्र आधीपासून ओट्यावर उभी राहून ज्याला त्याला सांगत असायची, "थे पाह्य, माहे बाबा." आणि सायकली दुरुस्त करणारे चाचा. त्यांच्या बायकोने विणलेली जाळीची पांढरी गोल टोपी त्यांच्या डोक्यावर असायची. आमच्याकडच्या लग्नात त्यांना टोपी-दस्तीचा मान असायचाच. ते आहेराची टोपी आपल्या जाळीच्या टोपीवरच घालून घ्यायचे आणि जेवण होईपर्यंत दोन्ही टोप्या घालून ऐटीत बसायचे.

टोपी-दस्ती म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागेल. आता लग्नात गुलाबी फेटे असतात. हॉलच्या दारात एक माणूस उभा असतो, तो रांगेने सगळ्यांना फेटा बांधतो, पिना टोचतो आणि पुढचा बोलावतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या यांचा फेटा जेवताना डोळ्यांवर आला आणि शेमला वरणात गेला. पूर्वी असं नव्हतं. वधूकडचा एक माणूस ताट घेऊन मांडवात रांगेने फिरायचा. पाहुण्याने आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, डोकं पुढे करायचं. कपाळाला कुंकू, डोक्यावर कोरी पांढरी टोपी, हातात दस्ती म्हणजे लहानसा रुमाल, आणि एक सुपारी. झाला मान. त्या टोप्याही काही कोणाला बसायच्या नाहीत, तेव्हाही त्या एकाच मापाच्या यायच्या. जेवण होईपर्यंत डोक्यावर, मग खिशात, मग घरच्या पेटीत, आणि पेटीतून पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर.

आमची माय या कामात पक्की होती. कोणाकडून आलेली टोपी परत त्याच घरी जाऊ नये म्हणून ती टोपीच्या आत, घडीत, रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवायची. माहेरच्या माणसांचा हिरवा, चिखलीकडच्या सोयऱ्यांचा लाल, बाकी गावाचा पिवळा. तिच्या ट्रंकेत टोप्यांची चळत असायची आणि ती चळत म्हणजे आमची सगळी सोयरीक. पाहुणा निघाला की माय ट्रंकेत हात घालून योग्य टोपी काढायची. कधी चुकली नाही. म्हणजे एकदाच चुकली, आणि तीही तिची चूक नव्हतीच.

आता बाबांच्या डोक्याविषयी. आमच्या घराण्यात डोकी मोठी. आजोबांचं मोठं होतं म्हणे, आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी ते जसंच्या तसं उचललं. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाजारातली टोपी या दोघांच्या डोक्यावर ठेवली तर परातीत वाटी ठेवल्यासारखी दिसायची. म्हणून त्यांच्या टोप्या धाडच्या बाजारात बसणारा एक शिंपी शिवायचा. तो एकाच डोक्याचं माप घ्यायचा. आतल्या बाजूला घाम टिपायला जाड मांजरपाटाची पट्टी लावायचा आणि तिच्यावर दुहेरी शिवण मारायचा, कारण ही डोकी साधी शिवण उसवतात असं त्याचं म्हणणं.

घर एकत्र होतं तोवर दाराजवळ एक खुंटी होती आणि तिच्यावर दोघांच्या टोप्या. जो आधी बाहेर पडेल तो हाताला येईल ती घालून जायचा. माझी टोपी, तुझी टोपी असं कधी नव्हतंच. मला तर पाठीमागून दोघं ओळखू यायचे नाहीत. ओळखायची माझी खूण वेगळी होती. मोठे बाबा मला खांद्यावर बसवून धाडच्या बाजाराला न्यायचे, आणि परत येताना मी गुळाच्या शेवेचे हात त्यांच्या टोपीला पुसायची. ज्या टोपीवर मुंग्या, ते मोठे बाबा. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, टोपी धुताना मला शिव्या घालायची आणि मोठे बाबा म्हणायचे, "असू दे वं, पोरगी हाये. पुसन नाई तं काय करन."

पुढे पोरं मोठी झाली, घरं वेगळी झाली. मोठे बाबा गावाच्या वरच्या अंगाला राहायला गेले. त्यात भांडण काही नव्हतं. भांडण झालं विहिरीवरून. विहीर सामाईक, मोटरची पाळी ठरलेली. एका उन्हाळ्यात बाबांनी पाळी नसताना मोटर सुरू केली आणि पारावर गप्पा मारत बसले. पाणी वावरातून बांध फोडून रस्त्यावर आलं. मोठे बाबा तापलेले पारावर आले आणि सगळ्या गावासमोर लहान भावाला म्हणाले, "माप मोठं हाये तुह्या डोस्क्याचं, पन आत नुसती हवा हाये."

लोक हसले. बाबा उठून घरी आले. त्या दिवसापासून दोन भावांचं बोलणं बंद. माय म्हणायची, "अहो, त्यायचंबी माप तेच हाये. म्हंजे त्यायनं सोतालेच म्हनलं नं." पण बाबांना हसू आलं नाही. एकाच बैलगाडीच्या वाटेने दोघं वावरात जायचे, एकमेकांच्या मागे-पुढे, तशाच दोन टोप्या, आणि शब्द नाही. असं एक-दोन नव्हे, कितीतरी उन्हाळे गेले. मी बारावी झाले, बुलढाण्याला शिकायला गेले, परत आले, माझं लग्न ठरलं, तरी तेच.

लग्न ठरल्यावर मला एकच काळजी. दागिने नाही, साडी नाही. मोठे बाबा मांडवात पाहिजेत, आणि नुसते पाहिजेत असं नाही, बाबांच्या शेजारी उभे पाहिजेत. ज्याच्या टोपीला गुळाचे हात पुसले तो माणूस पाहुण्यासारखा येऊन जेवून जाणार असेल तर लग्नाला काय अर्थ, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगते, बाबांनाही तेच पाहिजे होतं. मोठे बाबांच्या वावरातली तूर कशी आहे हे ते गड्याला रोज विचारायचे. मानी माणूस, तोंड उघडायला तयार नाही एवढंच. आमच्याकडे सख्ख्या भावाला लग्नाचं आमंत्रण द्यायचं तर स्वतः जायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षत द्यायची. बाबांनी अक्षत गड्याच्या हाती पाठवली.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही स्वतः का नाही गेले?"

"पाठोली नं अक्षत. त्याले याचं असंन तं येईन."

त्या रात्री मायच्या वरणात मीठ नव्हतं आणि कोणी मागितलंही नाही.

लग्न आमच्याच दारात. लग्नासाठी बाबांनी शिंप्याकडून नवी टोपी शिवून आणली होती. मायने ट्रंकेतल्या आहेराच्या टोप्या काढल्या, धुतल्या, नीळ-खळ केली, आणि बाबांच्या नव्या टोपीसकट सगळा ढीग इस्त्रीला दिला. आमच्या भागात कपडे धुणाऱ्या परटाला वरठी म्हणतात. त्या वरठ्याने कोळशाच्या इस्त्रीने टोप्या अशा केल्या की धार बोटाला लागावी. मग त्याने एक शहाणपणा केला. चळत घसरू नये म्हणून सगळ्यांत मोठी टोपी तळाशी घेतली आणि बाकीच्या तिच्यावर रचल्या. सगळी चळत दोऱ्याने बांधून आणून दिली. मामा, म्हणजे मायचा भाऊ, लग्नात टोपी-दस्ती देणार होता. त्याने चळत जशी आली तशी ताटात ठेवली.

इकडे बाबांची रोजची टोपी आदल्या दिवशीच्या हळदीत पिवळी झाली होती. मायने सकाळीच ती भिजू घातली. नवी आहेच, ही काढा, असं म्हणून. मुहूर्ताची घाई सुरू झाली तेव्हा बाबा नवं धोतर, नवा सदरा घालून खुंटीकडे गेले. खुंटी रिकामी.

मी मुंडावळ्या बांधून खिडकीजवळ बसले होते. मला तिथून दोन्ही दिसत होतं. आत बाबा आणि बाहेर मांडव. आत नुसता गोंधळ. ट्रंक उपसली, पेट्या उपसल्या, उतरंडीच्या मागे पाहिलं; इस्त्रीच्या ढिगाची आठवण त्या घाईत मायलाही झाली नाही. बाबा दाराच्या आत उभे, उघड्या डोक्याने. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं, त्यांच्या कपाळाचा वरचा अर्धा भाग गोरा होता, आणि डोक्यावर केस विरळ, भुरभुरीत. रागावलेल्या माणसाचं डोकं असं लहान बाळासारखं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं. बायकांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते.

एकेकाने आपली टोपी काढून दिली. एकही बसेना. मावशीने दुपट्टा आणला, बाबांनी बाजूला सारला. "पोरीचं कन्यादान अन मी बोडका? नाई जमत," म्हणाले आणि तिथेच उंबऱ्याच्या आत उभे राहिले. बाहेर वाजंत्री वाजते आहे, व्याही मनगटावरचं घड्याळ पाहतात.

बाहेर मामा ताट घेऊन रांगेने फिरत होता. मोठे बाबा आले होते. मोठ्या मायने ओढून आणलं असावं. मांडवाच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली, सगळ्यांच्या मागे बसले होते, उठून जायला सोपं जावं असे. मामा तिथे पोचला तेव्हा ताटात एकच टोपी उरली होती. मोठे बाबांनी रीतीप्रमाणे आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि डोकं पुढे केलं. मामाने कुंकू लावलं, टोपी ठेवली.

ती बसली. कानांच्या वर, कपाळावर, जिथे बसायला पाहिजे तिथे. मोठे बाबांनी मान वर केली. हात टोपीकडे गेला. त्यांनी ती काढली, उलटी केली, आतली पट्टी पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला. दुहेरी शिवण. अख्ख्या पंचक्रोशीत त्या मापाचं दुसरं एकच डोकं होतं. त्यांनी समोर पाहिलं. दारात त्यांचा लहान भाऊ उभा, उघड्या डोक्याने.

मोठे बाबा उठले. टोपी डोक्यावर घातली, गुडघ्यावरची आपली टोपी हातात घेतली आणि भरल्या मांडवातून सरळ चालत आले. लोकांनी पाय आवरून वाट दिली. वाजंत्रीवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, ते थांबले. मोठे बाबा उंबऱ्याशी आले आणि हातातली टोपी त्यांनी बाबांच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी नीट केली, लहान पोराची करतात तशी.

"चाल लहान्या," म्हणाले, "मुहूर्त टळून राह्यला."

बाबा म्हणाले, "हाव दादा."

एवढंच. पण माझ्या लग्नात दोघं शेजारी उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाकडे पाहायचं सोडून तिकडेच पाहत होते. दोन्ही टोप्या थोड्या थोड्या हलत होत्या. रडताना माणसाची टोपी हलते.

झालं काय होतं ते पंगती उठल्यावर कळलं. मामाने मायला सांगितलं, "अक्का, यक टोपी लय मोठी लागली होती वं तुह्या चळतीत." मायने कपाळावर हात मारला आणि मग पदर तोंडात कोंबून अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी तिथेच होते. हसू आवरल्यावर तिने आम्हा दोघांना दम भरला, "खबरदार, कोनाले सांगसान तं."

कारण मोठे बाबांना वाटलं होतं, लहान्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढून आपल्याला पाठवली आणि स्वतः बोडका उभा राहिला. आणि बाबांना वाटलं होतं, आपण बोडके उभे आहोत हे पाहून दादाने आपली टोपी काढून दिली. दोघांनाही वाटत होतं की समोरचा आधी वाकला. दोघांनाही तेच पाहिजे होतं. अशा गोष्टीत बायकांनी खरं कशाला सांगावं?

बाबा ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायचे. "दादानं सोताची टोपी काढून माह्या डोस्क्यावर ठेवली, भर मांडवात." गावाच्या वरच्या अंगाला मोठे बाबाही त्यांच्या पाहुण्यांना सांगत असणार, त्यांच्या पद्धतीने. पण दोन गोष्टींची गाठ कधी पडली नाही. भाऊ-भाऊ एकत्र बसले की पाऊस, सोयाबीन, कोणाची म्हैस व्याली, यावरच बोलायचे. मनातलं एकमेकांच्या तोंडावर बोलायची लाज. त्या लाजेपायी सगळं टिकून राहिलं. मोटर दोघं मिळून चालवायचे. एकमेकांच्या टोप्या एकमेकांकडेच राहिल्या, कोणी परत मागितल्या नाहीत.

आता तेरवीवर येते. मोठे बाबा वय होऊन, झोपेत गेले. चांगलं मरण आलं असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले, पण आतून वाटत होतं की गावाचं वरचं अंग ओसाड झालं. तेराव्या दिवशी थोरल्या मुलाच्या डोक्यावर टोपी घालायची असते. सासरचे घेऊन येतात, मोठं माणूस घालतं, मग तो पोरगा घरचा कर्ता. माझा हा चुलतभाऊ बुलढाण्याला नोकरीला, एरवी त्याच्या डोक्यावर पोरांसारखी चोचवाली टोपी असते. त्या दिवशी मुंडण केलेलं, बिचारा खाली मान घालून पाटावर बसला. त्याच्या सासऱ्यांनी बाबांच्या हातात नवी टोपी दिली. बाबांनी ती ठेवली. ती डोक्यावर राहिली ती टिकलीसारखी. आजोबांचं डोकं त्याच्याकडेही आलेलं. दुःखाच्या घरातही दोन-चार जण हसले.

"थांबा काका," भाऊ म्हणाला. आत गेला आणि कापडात गुंडाळलेली एक टोपी घेऊन आला. पिवळट झालेली, पण घडी नीट जपलेली. "हे घाला. हे तुमचीच हाये. ताईच्या लग्नात तुमी आपल्या डोक्याची काढून बाबाले देल्ली होती, अन तुमी बोडके राह्यले होते. बाबा हे सनासुदीलेच घालत. हर साली सांगत, लहान्याचं मन पाह्य म्हने."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. "म्या?" म्हणाले. "म्या कवा..."

मग त्यांनी टोपी उलटी केली. आतली पट्टी पाहिली. दुहेरी शिवण. लग्नाच्या दिवशी ट्रंका उपसून जी सापडली नव्हती ती टोपी त्यांच्या हातात होती. बाबांचं डोकं मोठं आहे आणि आत हवा नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, त्यांना सगळं कळलेलं मला दिसलं.

माय बायकांमध्ये बसली होती. पंच्याहत्तरीची बाई, गुडघ्याने चालता येत नाही, पण ताडकन बोलली, "हाव तं. तुमीच देल्ली होती. म्याच नेऊन देल्ली भावजीले. तुमाले आजकाल ध्यानातच राह्यत नाई."

बाबा तिच्याकडेही पाहत राहिले. मला वाटलं, आता बोलतील आणि तीस वर्षांचं सगळं सांडेल. मोठी माय कोपऱ्यात बसून बाबांकडेच बघत होती.

बाबांनी ती जुनी टोपी पुन्हा कापडात गुंडाळली आणि भाच्याच्या... नाही, पुतण्याच्या मांडीवर ठेवली. माझं हे नेहमीचं, भरून आलं की नाती चुकतात. म्हणाले, "हे तुह्या बापाची. हे तुह्यापाशीच राहू दे." मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती बसली. पुतण्या त्यांच्या गळ्यात पडून रडला. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि सगळ्या लोकांसमोर त्यांचं ते गोरं, भुरभुरीत डोकं उघडं होतं.

तेव्हापासून ते तसेच आहेत.

धाडचा जुना शिंपी केव्हाच गेला. त्याचा मुलगा शाळेचे गणवेश शिवतो. चुलतभावाकडच्या टोपीचं माप देऊन, त्याला सगळं समजावून, मी बसून टोपी शिवून घेतली. आतल्या पट्टीसाठी मांजरपाटही मीच नेलं. गेल्या रविवारी गावी गेले. बाबा ओट्यावर खाटेवर बसले होते. मी टोपी दिली. त्यांनी आत पाहिलं, घातली, बसली. मला बरं वाटलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुले माहीत होतं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हटलं.

"अन दादाले?"

"नाही बाबा. मोठे बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं की तुम्हीच दिली."

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. शाळेतून पोरं येत होती, चोचवाल्या टोप्या उलट्या घालून.

"म्या नोती देल्ली," ते म्हणाले. "द्याले पाह्यजे होती."

मग त्यांनी टोपी काढली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "वरीस होऊ दे दादाचं. मंग घालतो." मी ती पिशवीत ठेवली आणि आत मायच्या हाताखाली भाकरी करायला गेले.